तिसऱ्या भागाची उणीव

सोयाबीनचं भुसकट घशात गेलं की मला तो खेळ आठवतो. खेळ परीकथेतला आहे. त्यात बर्फ आहे, किल्ले आहेत, माणसासारखे बोलणारे लांडगे आहेत. सोयाबीनचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही. पण अश्विनात धाराशिवच्या भोवती मळणी यंत्रं सुरू झाली की ती पिवळी धूळ कचेरीच्या खिडकीतून आत येते, फायलींवर बसते, शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब शिंकायला लागतात, आणि मला बर्फातला किल्ला दिसतो. दरवर्षी हेच. आता मी त्याचं काही मनावर घेत नाही.

मला असले खेळ खेळायची खोड आहे. गोष्ट चालू असते, मधेच पात्र थांबून तुम्हाला विचारतं, काय करायचं? खाली तीन-चार उत्तरं येतात. तुम्ही एक निवडता, गोष्ट त्या वाटेनं जाते. तेहेतीस वर्षांच्या बाईनं हे खेळावं का, असं मावशी विचारते. खेळावं की. लग्न केलं नाही, त्याची कारणं वेगळी. संध्याकाळ तर घालवायचीच असते. खेळून झालं की फोनवरच्या एका ग्रुपात मी त्यावर लिहिते. दोन मथळे ठरलेले: बलस्थानं आणि उणिवा. लोक वाचतात, भांडतात, झोपतात.

यंदा त्या जुन्या खेळाचे पाचही भाग रंगरंगोटी करून पुन्हा निघाले. रविवारी दुपारी तिसरा भाग खेळले आणि लिहायला बसले. बलस्थानं झरझर लिहिली. उणिवांखाली एक ओळ लिहिली, खोडली, परत लिहिली, परत खोडली. ती लिहायची तर बारा वर्षांमागची एक सुगी सांगावी लागते. त्या सुगीत माझ्या वहिनीला नर्सिंग शिकायला धाराशिवला यायचं होतं. यादीत नाव लागलं होतं. ती आली नाही, आणि त्याला कारण मी आहे. आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा म्हणायचा, बाई कोडं घालतेय.

आमचं गाव वाशीकडचं. चार एकर रान आणि चाळीसेक मेंढरं. अण्णा, म्हणजे माझे वडील, मेंढरांमागं. रान आई बघायची. दादा पुण्याला गाडीवर ड्रायव्हर होता, तो दिवाळीला यायचा. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. आणि वहिनी, दीड वर्षाची नवी नवरी, बारावी झालेली, नाव मंगल. मला 'वन्सं' म्हणायची आणि 'तुमी' म्हणायची, मी दोन वर्षांनी धाकटी असूनसुद्धा. मी तिला 'तू'च म्हणायचे. लाडानं म्हणायचे, असं मला तेव्हा वाटायचं.

दादानं कुणाचातरी वापरलेला लॅपटॉप माझ्या अभ्यासाला म्हणून पाठवला होता. त्यावर अभ्यास किती झाला ते देवाला ठाऊक. कॉलेजातल्या मैत्रिणीनं पेनड्राईव्हवर तो खेळ दिला. दुपारी दोनला लाईट यायची. रानात भाकरी पोचवून वहिनी परत आली की आम्ही मधल्या खोलीत पोत्याला टेकून बसायचो. तिच्या केसांत सोयाबीनची कुसं अडकलेली असायची, हाताला काढणीचे ओरखडे. लॅपटॉपच्या पडद्यावर बर्फ पडायचं आणि आम्ही घामानं निथळत ते बघायचो.

खेळ इंग्रजीत. वहिनीचं इंग्रजी कच्चं, म्हणून मी तिला वाचून सांगायचे, आमच्या बोलीत. त्यातली नायिका डोंगरातल्या पाच किल्ल्यांना पत्रं पोचवणारी पोरगी. वहिनीनं तिचं नाव 'पोस्टमनीण' ठेवलं. किल्लेदाराचं झालं 'पाटील', लांडग्याचं 'भाऊजी'. "आलं बघा तुमचं भाऊजी, दात इचकायलंय," असं म्हणून ती मला कोपर मारायची. एरवी घरात खाली मान घालून वावरणारी ही बाई पडद्यावर प्रश्न आला की ताठ बसायची. तिला विचारलेलं आवडायचं. दिवसभरात तिला दुसरं कुणी काही विचारत नव्हतं, आज काय कालवण करू हेसुद्धा तीच आईला विचारायची.

उत्तर द्यायला वेळ ठरलेला. पडद्याच्या तळाशी एक मेणबत्ती वितळत जाते. ती संपेपर्यंत काहीच निवडलं नाही, तर गप्प बसणं हेच उत्तर धरलं जातं आणि समोरचा माणूस ते लक्षात ठेवतो. हे मी बलस्थानांत लिहिलंय. बाकीच्या खेळांत गप्प बसणाऱ्याला माफी असते.

एकदा वहिनीनं मला पकडलं. पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "वन्सं, वळी चार दिसत्यात. तुमी तीनच सांगितल्या."

"चौथी फालतू आहे."

"असू द्या की. वाचा."

चौथी होती, समोरच्या म्हाताऱ्याला खरं सांगून टाक. ते सांगितलं असतं तर एक मोठा प्रसंग गळाला असता आणि मला तो बघायचा होता, म्हणून मी ती ओळ गाळली होती. आधीही दोन-चारदा गाळल्या होत्या. वहिनीनं चौथीच निवडली. प्रसंग गळाला. मी फुगून बसले. ती म्हणाली, "तुमी सांगणाऱ्या हाव, ठरवणाऱ्या न्हाय." हसत म्हणाली, पण म्हणाली.

तिसरा भाग सगळा एका चौकात घडतो. बर्फानं कोंडलेला किल्ला, मधे एक हातमाग, त्याच्यावर अकरा वर्षं बसून राहिलेली एक कोष्टीण. तिला शाप आहे. किल्ल्यातल्या पाच म्हाताऱ्यांनी होकार दिला तर ती बाहेर पडू शकते, आणि त्या पाचांना आपण वळवायचं. लढाई अशी जवळजवळ नाहीच. वीस मिनिटं तर आपण नुसतं त्या सगळ्यांना आंबील वाढतो. कुणाला आधी वाढलं, कुणाला गार वाढलं, एवढ्यावर पुढं माणसं बदलतात. मला आजही वाटतं, खेळ लिहिणाऱ्याला घरातलं राजकारण कळत होतं. उणिवा म्हणाल तर शेवटच्या लांडग्यांच्या मारामारीत बोटं दुखतात आणि पाचही म्हाताऱ्यांची दाढी एकच आहे. पण या उणिवा लिहायला मला काही अडचण नव्हती.

आम्ही तीन म्हातारे वळवले होते, तेव्हा वहिनीचा नर्सिंगचा कागद आला. आठ दिवसांत धाराशिवला हजर व्हायचं होतं. अर्ज तिनं उन्हाळ्यात माहेरी गेली असताना भरलेला, तीही विसरली होती. कागद तिनं आधी मला दाखवला. "वन्सं, तुमी सांगता का अण्णास्नी? माझ्यानं व्हायचं न्हाय," म्हणाली. मी सांगितलं. खरंच सांगितलं, चांगलं सांगितलं.

अण्णा मेंढराच्या खुरातला काटा काढत बसले होते. काटा निघाला तसं म्हणाले, "मला ह्यातलं काय कळत न्हाय. शिकावं म्हणलं तर शिकावं, वाईट काय हाय त्यात? पण घर कोण बघंल, हे बी हायच. बिरोबाला इचारू. त्यो म्हणंल ते."

दादाला फोन केला. तो म्हणाला, "अण्णा म्हणतील तसं." आई म्हणाली, "कंबर धरलीया माझी, पर म्या आडवी येणार न्हाय." घरातल्या कुणीच नाही म्हटलं नाही. हे मला नंतर फार वेळा आठवलंय.

आमच्यात मोठं काही ठरवायचं तर कौल लावतात. रान बदलायचं, मेंढरं कुठल्या बाजूला न्यायची, सोयरीक जमवायची, सगळ्याला कौल. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवायची आणि सवाल घालायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पाकळ्या लावायच्या घरातल्या बिनलग्नाच्या पोरीनं, ही आमच्या घराची रीत. तिचं मन साफ असतं म्हणून. म्हणजे ते काम माझं.

आदल्या दुपारी मी मधल्या खोलीत एकटीच होते. वहिनी गेली तर काय होईल, हे माझ्या डोक्यात तेव्हा नीट उतरलं. आईची कंबर धरलेली. निम्मं सोयाबीन काढून रानात बनीम, म्हणजे गंजी, घातलेली, मळणी बाकी, आभाळ भरलेलं. भाकऱ्या कोण थापणार? मी. कॉलेज कुणाचं बुडणार? माझं. शेवटचं वर्ष, मग ते सुटलं की सुटलंच. गावात पोरीचं शिक्षण एकदा थांबलं की परत सुरू होत नाही. हे एक कारण. दुसरं, खेळ कुणाबरोबर खेळणार? तिसरं सांगायला लाज वाटते: नाव तिचं लागलं होतं, माझं कशालाच लागलं नव्हतं. कारणं शोधत गेले तर आणखी सापडतात, आणि सगळी खरी असतात.

देऊळ आमच्या वाड्याला, म्हणजे मेंढरांच्या कोंडवाड्याला, लागूनच. वर पत्रा, आत शेंदरी बिरोबा, खांदे चांगले रुंद. सकाळी अण्णा, आई, वहिनी आणि मी. वहिनीनं लग्नातलं लुगडं नेसलं होतं. पांढऱ्या कण्हेरीच्या दोन पाकळ्या माझ्या हातात. समोर पाण्याचा तांब्या आणि नैवेद्याची वाटी, दूध-साखरेची. डावी पाकळी मी पाण्यात बुडवली. उजवी दूध-साखरेत. ओढणीआड, सगळे डोळे मिटून हात जोडून उभे असताना. साखरेचं दूध कसं चिकटतं ते बाईमाणसाला सांगावं लागत नाही.

अण्णा म्हणाले, "देवा, सुनेला शिकाया धाडायची म्हणतोय. धाडायची असंल तर उजवी दे."

डावी लगेच पडली. उजवी हललीसुद्धा नाही.

अण्णांनी टोपी डोक्यावर घातली आणि मेंढरं सोडली. वहिनीनं पाया पडून घेतलं, घरी जाऊन लुगडं बदललं आणि भाकरीचं टोपलं घेऊन रानात गेली, कारण काढणीच्या बाया खोळंबल्या होत्या. संध्याकाळी आई मला म्हणाली, अण्णांनी काल फाट्यावर जाऊन धाराशिवच्या पहिल्या एसटीची वेळ विचारून ठेवली होती. धोतरही धुऊन वाळत घातलं होतं. म्हणजे उजवी पडली असती तर ते स्वतः तिला घेऊन जाणार होते. त्यांचा देवावर खरा विश्वास होता, दोन्ही बाजूंनी.

मला काय वाटलं? काही नाही. हे मी रंगवून सांगत नाही. मी जेवले, झोपले, दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेले. वाटेल, वाटेल म्हणून मी वाट बघितली. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल असतो ना, आपलाच, पण चावला तरी कळत नाही, तसं. ते बधिरपण उतरलंच नाही. पुढं मी पास झाले, परीक्षा दिल्या, कचेरीत लागले, धाराशिवात दोन खोल्या घेतल्या. वाईट वाटायला हवं हे मला कळत होतं. कळणं आणि वाटणं यांत एवढं अंतर असतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

कौलानंतर आठ-दहा दिवसांनी, मळणी उरकल्यावर, वहिनी आपणहून म्हणाली, "चला, तुमची ती कोष्टीण बघू." आम्ही उरलेले दोघं म्हातारे वळवले. वहिनीनं जीव तोडून वळवले, एकेका उत्तरावर विचार करून, मेणबत्ती संपत आली तरी न घाबरता. पाचही होकार मिळाले. दार उघडलं. कोष्टीण उंबऱ्यापर्यंत गेली, बाहेरच्या बर्फाकडं बघितलं, आणि परत येऊन मागावर बसली. मी माझ्या एका मैत्रिणीकडून ऐकलेलं होतं, या भागात काहीही केलं तरी ती परतच येते. होकार मिळाले तरी, नाही मिळाले तरी. बदलतं ते तिचं एक वाक्य. मी तसं वहिनीला सांगितलं.

ती माझ्याकडं बघायला लागली. "म्हंजी काय बी केलं तरी ती जाणारच न्हाय?"

"नाही. लिहिणाऱ्याला पुढचा भाग एकच ठेवायचा असतो ना. म्हणून."

"मग इचारलं कशाला मला?"

तिनं लॅपटॉपचं झाकण लावलं आणि चुलीकडं गेली. त्यानंतर ती कधी खेळायला बसली नाही. मी दोनदा विचारलं, "लई काम पडलंय वन्सं," म्हणाली. काम खरंच पडलेलं असायचं.

उणिवांखालची माझी खोडलेली ओळ ती हीच. ग्रुपातले सगळे लिहितात, तिसऱ्या भागात निवड खोटी आहे, शेवट आधीच ठरलेला. बरोबर आहे. पण मला ती उणीव लिहिता येत नाही. शेवट ठरलेला असता तर बरं झालं असतं, असं माझ्यातलं एक माणूस म्हणतं. काहीही केलं तरी वहिनी परतच आली असती, दादा नको म्हणाला असता, आईची कंबर गेली असती, पोर झालं असतं. मग माझ्या साखरेला काय किंमत? आणि दुसरं माणूस म्हणतं, अण्णांनी एसटीची वेळ विचारली होती.

आता मेंढरांना इंजेक्शन वहिनीच देते. जनावरांच्या डॉक्टरकडं बघून बघून शिकली. गावातल्या दुसऱ्यांची मेंढरंही तिच्याकडं येतात. सुई मारताना मेंढरू हलत नाही, एवढा हात हलका. मी सुट्टीला गेले की बघते. बघून काही होत नाही मला, नुसती बघते.

तिची पोरगी गौरी आता पाचवीत आहे. गेल्या महिन्यात वहिनीचा फोन आला. "वन्सं, येत्या जूनला हिला धाराशिवला शाळंत घालायचं म्हणतेय. तुमच्याजवळ ठिवली तर जमंल का? न्हायतर वसतिगृह हायच." मी लगेच हो म्हटलं. दुसऱ्या खोलीतलं सामान काढलं, रंग लावून घेतला, खिडकीला जाळी बसवली. शेजारणीला सांगितलं, भाची येणार आहे. काम करताना मी चक्क गुणगुणत होते. मग तो खेळ पुन्हा निघाला, तिसरा भाग खेळले, आणि मला वाटलं, हे पोटात ठेवून पोर घरात आणायची नाही.

म्हणून पुढच्या रविवारी गावी गेले. मळणी चालू होती. डिझेल संपलं म्हणून यंत्र थांबलं, माणूस ते आणायला गेला, आणि रान एकदम शांत झालं. वहिनी बांधावर पदरानं तोंड पुसत बसली होती. मी शेजारी बसले आणि सांगितलं. दूध-साखर, उजवी पाकळी, सगळं. चार ओळी होत्या, चारही सांगितल्या.

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "दुसऱ्या दिशी म्या देऊळ झाडाया गेलते. देवाच्या उजव्या खांद्यावर मुंग्या लागलत्या. डावीकडं एक बी नव्हती. पुसून काढलं म्या."

"मग तू बोलली का नाहीस?"

"कुणाला सांगू? अण्णास्नी? त्यांचा देव खोटा पडला असता. आन् तुमच्यासंगं तर रोज एका परातीत जेवायचं व्हतं." तिनं केसांतलं भुसकट झटकलं. "मागं पडलं व्हतं वन्सं ते. खरंच. पोरीचं बघता बघता ईसरले व्हते म्या. आज तुमी परत आणून दिलं."

मी माफ कर म्हटलं. ती "व्हय" म्हणाली. तेवढ्यात डिझेल आलं, यंत्र सुरू झालं आणि पुढचं काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. आम्ही दोघींनी पोती धरली. तिनं जाताना मला नेहमीसारखा हुलग्याचा डबा दिला. मी एसटीत बसले तेव्हा मला हलकं वाटत होतं. सांगितलं की सुटतं माणूस, असा माझा समज होता.

काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. मी कचेरीच्या पायरीवर होते.

"वन्सं, गौरीला वसतिगृहात ठिवते."

"का? खोली तयार आहे अगं. रंगसुद्धा—"

"ठाऊक हाय. गौरीला बी इचारलं म्या. ती आत्याकडंच जायचं म्हणती. रडली बी. पर मीच न्हाय म्हणले." मग म्हणाली, "राग न्हाय माझा. तुमी यावं-जावं, सणाला तिला घरी न्यावं. पर ठिवायची न्हाय."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग तिनं अण्णांच्या गुडघ्याचं सांगितलं, भाव पडल्याचं सांगितलं, आणि फोन ठेवला. कामाला जायची वेळ झाली होती. मी बसूनच राहिले. त्या खोलीचा रंग गौरीला विचारून घेतला होता मी, फोनवर, फिकट हिरवा. पायरीवर बसल्या बसल्या मला रडू आलं, लोक ये-जा करत होते तरी. भाऊसाहेब बाहेर आले, म्हणाले, "काय झालं, बाई? धुळीचं का?" मी म्हटलं, "नाही. वाईट वाटतंय."